कॉन्फिग फाइलमधल्या बदलांची नोंद : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कॉन्फिग फाइलमध्ये (प्रोग्रॅम कसा चालावा हे ठरवणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये) केलेले बदल कुठे आणि कसे नोंदवायचे, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. छपाईच्या सोयीसाठी कमांड, फाइलींची नावं आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात ते इंग्रजीतच टाइप करायचे.

प्रश्न : आमच्याकडे पाच लिनक्स सर्व्हर आहेत. कॉन्फिग फाइल बदलली की तिच्या डोक्यावर तारीख, नाव आणि काय बदललं ते लिहायचं, अशी जुनी पद्धत आहे. वेब सर्व्हरच्या एका फाइलमध्ये ही यादी ८० ओळींची झालीय आणि खऱ्या सेटिंगच्या ओळी आहेत ३५. नवा सहकारी म्हणतो, सगळं पुसा आणि गिट (फाइलींमधला प्रत्येक बदल जपणारं साधन) वापरा. जुने लोक तयार नाहीत. काय करावं? – सिस्टिम ॲडमिन, सोलापूर

उत्तर : यादी काढा, कारणं ठेवा. दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यात बसतं.

हाताने लिहिलेल्या यादीचा मुख्य दोष असा की ती पूर्ण आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. रात्री सर्व्हर बंद पडलेला असताना केलेला बदल सहसा नोंदवायचा राहतो, आणि पुढे शोधावा लागतो तो नेमका तोच. शिवाय नोंद फाइलच्या वर आणि बदललेली ओळ दोनशे ओळी खाली, त्यामुळे कुठली नोंद कुठल्या ओळीची हे ताडून बघावं लागतं. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी केली की पहिल्याचा इतिहासही सोबत जातो आणि तिथे तो खोटा ठरतो. आणि दोघांनी दोन शाखांवर (गिटमधल्या वेगवेगळ्या प्रतींवर) काम केलं की दोघांच्याही नोंदी यादीच्या पहिल्याच ओळीवर येतात. सेटिंगमध्ये काही वाद नसताना मर्ज (दोन्ही प्रती एकत्र करणं) तिथे अडतं.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस हे बदल नोंदवणारं साधन तयार केलं. त्यात फाइलमध्ये दोन डॉलर चिन्हांच्या मध्ये ‘लॉग’ हा शब्द ठेवला की फाइल जमा करताना दिलेला संदेश आपोआप त्या जागी उतरायचा. निदान ती यादी साधन स्वतः लिहायचं, म्हणून ती पूर्ण असायची. गिट असं काही करत नाही, आणि करण्याची गरजही नाही: ‘गिट लॉग -पी’ त्या फाइलचा प्रत्येक बदल दाखवतं आणि ‘गिट ब्लेम’ प्रत्येक ओळ शेवटची कुणी, कधी बदलली ते सांगतं.

मग फाइलमध्ये काय उरावं? ज्या ओळीचा आकडा बघून पुढच्या माणसाला ‘हे असं का?’ असा प्रश्न पडेल, त्या ओळीच्या डोक्यावर तिचं कारण. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधली अपलोडची मर्यादा घ्या. ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ मुळात १ एमबी असते. तुम्ही ती २५ केलीत. ‘१२ मार्च, १० वरून २५ केलं’ ही नोंद निरुपयोगी, कारण ते गिट सांगतंच. ही लिहा: ‘स्कॅन केलेले सातबारा उतारे २२ एमबीपर्यंत येतात. कमी केल्यास अपलोडवर ४१३ एरर. पीएचपीतल्या अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ आणि पोस्ट_मॅक्स_साइझ याच्याबरोबर वाढवाव्यात.’ पीएचपी या वेब प्रोग्रॅमिंगच्या भाषेत या दोन मर्यादा मुळात २ आणि ८ एमबी असतात. एनजिनएक्समध्ये २५ करूनही अपलोड अडतं, तेव्हा अडथळा बहुतेक तिथेच असतो. ही तीन वाक्यं पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचवतील.

फाइलच्या डोक्यावर चारच गोष्टी ठेवा: फाइल कुठल्या यंत्राची, इतिहास कुठल्या रिपॉझिटरीत (गिटच्या भांडारात) आहे, जबाबदारी कुठल्या पदाची (व्यक्तीचं नाव नको, माणसं बदलतात), आणि बदल लागू करण्याआधी चालवायची तपासणीची कमांड. एनजिनएक्सला ती ‘एनजिनएक्स -टी’, अपाचेला ‘अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट’, एसएसएचला (दुरून लॉगिन करायची सेवा) ‘एसएसएचडी -टी’.

आता क्रम. आधी सगळ्या फाइली आहेत तशा, ८० ओळींच्या यादीसकट, पहिल्या कमिटमध्ये (गिटमधली बदलाची एक नोंद) घ्या. मग यादीतली जिवंत कारणं शोधून आपापल्या ओळीवर हलवा. हा दुसरा कमिट. यादी काढणं हा तिसरा. जुनी यादी पहिल्या कमिटमध्ये कायम सापडेल, हे दाखवलंत की जुन्या मंडळींचा विरोधही मावळेल.

प्रश्न : ईटीसी डिरेक्टरीत (लिनक्सच्या कॉन्फिग फाइलींची जागा) सरळ ‘गिट इनिट’ केलं तर चालतं का? की ईटीसीकीपर घ्यावं? – नाशिक

उत्तर : ईटीसीकीपर घ्या; ते ईटीसीसाठी गिट वापरणारं साधन आहे. गिट फाइलचा मजकूर ठेवतं, पण परवानग्यांपैकी फक्त ‘चालवता येते की नाही’ एवढंच लक्षात ठेवतं. मालक, गट, परवानगीचा आकडा ६४० की ६००, हे त्याच्या गावीही नसतं. पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) असलेली शॅडो फाइल नुसत्या गिटने परत आणली तर ती सगळ्यांना वाचता येईल अशा परवानगीने उतरू शकते. ईटीसीकीपर ही माहिती ‘.ईटीसीकीपर’ नावाच्या फाइलमध्ये वेगळी नोंदवतं, आणि गिट ज्यांना मोजतच नाही त्या रिकाम्या डिरेक्टऱ्याही लक्षात ठेवतं.

डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर पॅकेज टाकताच रिपॉझिटरी तयार होते आणि पहिला कमिट होतो. रेड हॅटच्या कुळात ते एपेल या जादा पॅकेजांच्या भांडारातून घ्यावं लागतं. मग ‘ईटीसीकीपर इनिट’ आणि ‘ईटीसीकीपर कमिट’ हाताने चालवा. पुढे पॅकेज टाकण्याच्या आधी आणि नंतर ते आपोआप कमिट करतं, आणि दिवसातून एकदा उरलेसुरले बदल उचलतं.

इथेच एक गोष्ट बिघडते. आपोआप झालेल्या कमिटचा संदेश ‘डेली ऑटोकमिट’ किंवा ‘ॲप्ट चालवण्याआधी राहिलेले बदल’ अशा अर्थाचा असतो. काय बदललं ते कळतं, का ते कळत नाही, आणि बऱ्याचदा कुणी तेही नाही. लॉगमध्ये असे संदेश किती दिसतात यावरून तुमच्या टीमची शिस्त कळते. ते वाढले असतील तर ईटीसीकीपरच्या कॉन्फ फाइलमधली ‘अव्हॉइड_कमिट_बिफोर_इन्स्टॉल=१’ या ओळीपुढचं # चिन्ह काढून ती चालू करा. मग बदल कमिट न करता कुणी पॅकेज टाकायला गेलं की ते काम तिथेच थांबतं. सुरुवातीला कुरबुर होते, पण संदेश लिहिले जातात.

‘कुणी’ हे कळायचं असेल तर सगळ्यांनी थेट रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) म्हणून शिरणं बंद करा. प्रत्येकाने आपल्या खात्यातून सुडो (तात्पुरते रूटचे अधिकार देणारी कमांड) वापरलं की ईटीसीकीपर कमिटवर त्या खात्याचं नाव घालतं.

मागे जायचं असेल तेव्हा अख्खी ईटीसी मागे नेऊ नका; मधल्या काळात आलेल्या पॅकेजांशी ती जुळणार नाही. हवी ती एकच फाइल जुन्या कमिटमधून ‘गिट चेकआउट’ने काढा, ‘ईटीसीकीपर इनिट’ पुन्हा चालवून परवानग्या बसवा, तपासणीची कमांड चालवा आणि मगच रीलोड. फाइल एसएसएचची असेल तर चालू असलेलं लॉगिन सोडू नका. दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन होतंय हे बघितल्यावरच पहिलं बंद करा.

या रिपॉझिटरीत पासवर्डचे हॅश आणि प्रमाणपत्रांच्या खासगी किल्ल्या असतात, हेही विसरू नका. ईटीसीकीपर ‘.गिट’ डिरेक्टरी फक्त रूटला उघडते अशी ठेवतं. ती बाहेरच्या सेवेवर ढकलू नका. एखादं गुपित बाहेर गेलंच तर आधी ते बदला, इतिहासाची साफसफाई नंतर. ज्याने प्रत घेतली त्याच्याकडे ते राहणारच आहे.

प्रश्न : आम्ही बदल करण्याआधी शेजारीच ‘.बॅक’ नावाची प्रत ठेवतो. यात धोका काय? – कोल्हापूर

उत्तर : धोका जागेत आहे. अनेक प्रोग्रॅम एका डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइली वाचतात. डेबियनवरच्या एनजिनएक्सची मुख्य फाइल ‘साइट्स-एनेबल्ड’मधलं सगळं उचलते, नावाच्या शेवटी काहीही असो. तिथे प्रत ठेवलीत तर तीही लागू होते. दोन्हींत एकच सर्व्हरचं नाव असल्यामुळे ‘कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम’ असा इशारा येतो आणि नंतर वाचलेली दुर्लक्षित होते. फाइली अक्षरक्रमाने वाचल्या जातात, म्हणून ‘साइट’ आधी आणि ‘साइट.बॅक’ नंतर, इथवर निभावतं. पण प्रतीचं नाव ‘जुनी-’पासून सुरू होणारं असेल आणि ते अक्षरक्रमाने आधी येत असेल, तर जुनीच फाइल चालते आणि नवीत केलेला बदल का लागत नाही हे शोधत बसावं लागतं. ‘डिफॉल्ट_सर्व्हर’ दोन्हीकडे असेल तर तपासणीतच एरर येते, ते त्यातल्या त्यात बरं.

सुडोअर्सच्या (सुडो कुणी वापरावं याच्या नियमांच्या) डिरेक्टरीत नेमकं उलटं आहे. नावात टिंब असलेली किंवा नागमोडी रेघेने संपणारी फाइल तिथे गुपचूप वगळली जाते. प्रत ठेवली तर निर्धोक, पण खऱ्या फाइलला टिंबाचं नाव दिलं तर नियम लागूच होत नाहीत आणि एररही येत नाही. डेबियनच्या क्रॉन.डी (ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या) डिरेक्टरीतही टिंबाच्या नावाची फाइल अशीच वगळली जाते.

सगळ्यात वाईट प्रकार वेबसाइटच्या डिरेक्टरीतला. ‘कॉन्फिग.पीएचपी’ सर्व्हर चालवतो, पण ‘कॉन्फिग.पीएचपी.बॅक’ हा त्याच्या लेखी साधा मजकूर. ज्याला पत्ता सुचेल त्याला डेटाबेसचा पासवर्ड ब्राउझरमध्ये वाचायला मिळतो, आणि हा पत्ता सुचणारे स्वयंचलित प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत फिरत असतात. अशा प्रती आजच शोधून काढा, आणि सापडल्यास पासवर्डही बदला.

प्रश्न : एसएसएचच्या फाइलमध्ये फक्त कॉमेंट (प्रोग्रॅम वगळतो ती टीप) घातली होती. तरी अपडेटच्या वेळी ‘फाइल बदललेली आहे, काय करू?’ असं विचारलं. का? – पुणे

उत्तर : पॅकेजसोबत आलेल्या फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) आणि डिस्कवरच्या फाइलचा चेकसम जुळत नाही, एवढंच डेबियनला कळतं. कॉमेंट आहे की सेटिंग, हा भेद ते करत नाही. तुम्ही फाइल बदललेली आहे आणि नव्या पॅकेजमध्येही ती वेगळी आहे, असं झालं की प्रश्न येतो. फरक दाखवण्याचा पर्याय निवडून बघा आणि मग ठरवा. तुमची ठेवलीत तर नवी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ (एसएसएचची ‘.यूसीएफ-डिस्ट’) नावाने शेजारी राहते. नवी घेतलीत तर तुमची ‘.डीपीकेजी-ओल्ड’ (एसएसएचची ‘.यूसीएफ-ओल्ड’) होते. रेड हॅटच्या कुळात प्रश्न येत नाही, ‘.आरपीएमन्यू’ किंवा ‘.आरपीएमसेव्ह’ फाइल निमूट तयार होते. अपडेटनंतर या नावांच्या फाइली शोधायची सवय लावा.

यावरचा खरा उपाय म्हणजे पॅकेजच्या फाइलला हातच न लावणं. आपले बदल ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’सारख्या डिरेक्टरीत आपल्या छोट्या फाइलमध्ये लिहा. त्या फाइलमध्ये सगळंच तुमचं असतं, त्यामुळे कॉमेंटही मोकळेपणाने लिहिता येतात आणि इतिहासही स्वच्छ राहतो. फक्त क्रम माहीत हवा. एसएसएचमध्ये एखादं सेटिंग पहिल्यांदा जिथे सापडेल तेच धरलं जातं; डेबियनवर इन्क्लूडची ओळ मुख्य फाइलच्या सुरुवातीला असते, म्हणून तुमची फाइल जिंकते. सिसीटीएल.डीमध्ये (कर्नलच्या सेटिंगची डिरेक्टरी) उलट, शेवटी वाचलेलं जिंकतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘ऑल्टर सिस्टिम’ने दिलेली किंमत ‘पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ’मध्ये जाते आणि मुख्य फाइलवर मात करते. मुख्य फाइलमध्ये कितीही नीट कारण लिहिलेलं असलं तरी लागू होतं ते वेगळंच. कुठली किंमत कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवरून आली, हे ‘पीजी_सेटिंग्ज’ या व्ह्यूमध्ये दिसतं.

प्रश्न : जेसन या स्वरूपाच्या फाइलमध्ये कॉमेंट कशी लिहायची? – ठाणे

उत्तर : लिहिता येत नाही. ‘_कॉमेंट’ अशी खोटी की (सेटिंगचं नाव) घालायची युक्ती काही प्रोग्रॅम चालवून घेतात. डॉकर मात्र आपल्या ‘डेमन.जेसन’मध्ये अनोळखी की दिसली तर सुरूच होत नाही. अशा फाइलचं कारण कमिटच्या संदेशात लिहा, आणि थोडक्यात शेजारच्या रीडमी फाइलमध्ये.

एक्सएमएलमध्ये कॉमेंट चालते, पण तिच्या आत सलग दोन हायफन चालत नाहीत. शोभेसाठी हायफनची लांब रेघ ओढली की टॉमकॅट हा जावाचा सर्व्हर फाइल वाचायलाच नकार देतो. रेघ हवीच असेल तर बरोबरच्या (=) चिन्हांची ओढा.

प्रश्न : कॉमेंट मराठीत लिहिली तर सर्व्हर बिघडेल का? – अहिल्यानगर

उत्तर : कॉमेंट मराठीत जरूर लिहा. बदलाचं कारण ज्या भाषेत नेमकं सांगता येतं त्याच भाषेत लिहावं. फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची पद्धत) असली म्हणजे एनजिनएक्स, अपाचे, एसएसएच यांना कॉमेंटमधल्या अक्षरांशी काही देणंघेणं नाही. तीन गोष्टी सांभाळा.

एक, आकडे. देवनागरी कीबोर्ड चालू असताना खालच्या ओळीत किंमत टाइप केली की देवनागरी ५ पडतो. माणसाला तो पाचच दिसतो, प्रोग्रॅमला तो आकडा वाटत नाही. कॉमेंट संपली की कीबोर्ड बदला, आणि डिफमध्ये (जुन्या-नव्यातल्या फरकात) किंमतीच्या ओळी नीट बघा.

दोन, नोटपॅड. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीआधीचं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम हे न दिसणारं चिन्ह घालायचं. एनजिनएक्सच्या मुख्य फाइलला ते लागलं तर पहिल्याच ओळीवर ‘अननोन डायरेक्टिव्ह’ येतं आणि डोळ्यांना तर सगळं बरोबर दिसतं. एडिटरमध्ये ‘बीओएमशिवाय यूटीएफ-८’ निवडून पुन्हा सेव्ह करा.

तीन, जावाच्या ‘.प्रॉपर्टीज’ फाइली. बऱ्याच ठिकाणी त्या अजूनही लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) म्हणून वाचल्या जातात. कॉमेंटला काही होत नाही, पण किंमत मराठीत असेल तर अक्षरांचा विचका होतो.

प्रश्न : डीएनएसच्या (वेबसाइटच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेच्या) झोन फाइलमध्ये सिरियल नंबर तारखेवरून देतो. चुकून २०२५ च्या जागी २०५२ पडलं. दुरुस्त केलं, पण दुय्यम सर्व्हर नवे बदल घेत नाहीत. – मडगाव, गोवा

उत्तर : कारण तुमचा दुरुस्त आकडा आधीच्यापेक्षा लहान आहे. दुय्यम सर्व्हर सिरियल वाढल्याशिवाय फाइल मागतच नाही. सिरियल ३२ बिटांचा असतो, कमाल ४२९४९६७२९५, आणि त्याच्यापुढे तो गोल फिरून शून्यावर येतो. एका उडीत जास्तीत जास्त २१४७४८३६४७ वाढवता येतात. बाहेर पडायची वाट तिथूनच आहे.

समजा चुकीचा आकडा २०५२०३१४०१ होता. त्यात २१४७४८३६४७ मिळवा: ४१९९५१५०४८. हा सिरियल घालून ‘नेम्ड-चेकझोन’ने फाइल तपासा आणि रीलोड करा. आता प्रत्येक दुय्यम सर्व्हरला ‘डिग’ने एसओए (सिरियल असलेली नोंद) विचारा आणि सगळ्यांकडे ४१९९५१५०४८ दिसेपर्यंत थांबा. एकही मागे राहिला असेल तर पुढे जाऊ नका, तो अडकून पडेल. सगळे आले की २०२५०३१४०२ घाला. गोल फिरण्याच्या हिशेबात हा आकडा आता ‘मोठा’ आहे, म्हणून ते घेतील. दुय्यम सर्व्हर तुमच्याच ताब्यात असतील तर तिथली झोनची प्रत पुसून पुन्हा मागवणं जास्त सोपं. पण सहसा त्यातला एखादा सेवा देणाऱ्या कंपनीकडे असतो.

बेरीज करून मिळवलेला आकडा मोठा असेल आणि कमाल मर्यादा ओलांडत असेल, तर त्यातून ४२९४९६७२९६ वजा करून तो लिहा. आणि सिरियल हा इतिहास नव्हे. दिवसभरात शंभर बदल मावणारा तो एक क्रमांक आहे. काय बदललं आणि का, हे गिटमध्येच नोंदवा.

प्रश्न : सिस्कोच्या राउटरमध्ये उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या कॉमेंट टाकल्या होत्या. रनिंग कॉन्फिगमध्ये त्या दिसत नाहीत. – रत्नागिरी

उत्तर : आयओएस (सिस्कोच्या राउटरची प्रणाली) त्या साठवतच नाही. जे टिकतं ते वापरा: इंटरफेसवर ‘डिस्क्रिप्शन’, ॲक्सेस लिस्टमध्ये ‘रिमार्क’. इतिहासासाठी ‘आर्काइव्ह’ चालू करा आणि त्यात ‘राइट-मेमरी’ द्या, म्हणजे दर वेळी सेव्ह करताना एक प्रत बाजूला पडेल. ज्युनिपरच्या राउटरवाले यात सुखी आहेत: त्यातलं ज्युनॉस चालू धरून ५० आवृत्त्या ठेवतं, ‘कमिट कॉमेंट’मध्ये कारण लिहिता येतं, आणि ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं तर १० मिनिटांत पुन्हा दुजोरा दिला नाही की जुनं कॉन्फिग आपोआप परत येतं. दूरच्या शाखेतल्या राउटरवर काम करताना हे वापरल्याशिवाय बदल करूच नये.

प्रश्न : आमच्या कंपनीचे सीए ‘एडिट लॉग’ (बदलांची नोंद) मागतात. कॉन्फिग फाइलींचं गिट दाखवलं तर चालेल का? – छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना लागू झालेली एडिट लॉगची अट हिशेबाच्या सॉफ्टवेअरची आहे. प्रत्येक व्यवहारातला प्रत्येक बदल तारखेसकट त्या सॉफ्टवेअरनेच नोंदवायचा आणि ती नोंद बंद करता येता कामा नये.

गिटबद्दल वेगळी गोष्ट लक्षात ठेवा: ज्याच्याकडे रूट आहे तो त्या यंत्रावरचा गिटचा इतिहास नव्याने लिहू शकतो. बदलांची नोंद पुरावा म्हणून टिकायला हवी असेल तर दर कमिटनंतर ती आपल्याच नेटवर्कमधल्या दुसऱ्या यंत्रावर जाऊ द्या, जिथे पहिल्या ॲडमिनला फक्त भर घालता येते. त्या रिपॉझिटरीत ‘रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स’ आणि ‘रिसीव्ह.डिनायडिलीट्स’ या दोन्ही ‘ट्रू’ करा, आणि तिथलं रूट दुसऱ्या माणसाकडे द्या.